पांढऱ्या पट्ट्या आणि १९३५ साल : जुन्या स्टील गिटारचा अस्सलपणा कसा तपासावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवळाली कॅम्पातील एका जुन्या बंगल्यातले सामान विकायला निघाले आहे आणि त्यात काळ्या बेकलाइटची (एक जुने, कडक प्लास्टिक), सहा तारांची, रिकनबॅकर या अमेरिकन कंपनीची एक स्टील गिटार आहे, म्हणजे आडवी ठेवून तारांवर पोलादी बार सरकवत वाजवायची हवाईयन गिटार. घरातली मंडळी ती ‘१९३५ सालची, शंभर टक्के ओरिजिनल’ असल्याचे सांगतात आणि १,८०,००० रुपये मागतात. तुम्ही तीन फोटो पाठवले आहेत. भद्रकालीतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ‘नॅशनल’ म्हणून दाखवल्या गेलेल्या चकचकीत धातूच्या गिटारविषयीही विचारले आहे. नाशिकमध्ये तंतुवाद्ये आणि त्यांची विजेची जोडणी दुरुस्त करण्यात माझी तेहतीस वर्षे गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर उत्तर देतो.

आधी निष्कर्ष सांगतो, कारण तुम्हाला रविवारी बंगल्यावर जायचे आहे. फोटोत दिसते त्यावरून ही गिटार १९३५ ची असण्याची शक्यता कमी आहे. मात्र म्हणून ती बनावट किंवा जोडाजोडीची ठरत नाही. वाद्य किती जुने आहे आणि ते मूळ स्थितीत आहे का, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि जुन्या वाद्यांच्या व्यवहारात होणारे निम्मे घोटाळे हे दोन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे होतात. घरच्यांनी सांगितलेले साल ही ऐकीव माहिती असते. आजोबांनी कधीतरी ‘लढाईच्या आधीची’ म्हटलेले असते आणि पुढच्या पिढीत त्याचे १९३५ होते. त्यात लबाडी असतेच असे नाही. तेव्हा सालाचा दावा तूर्त बाजूला ठेवावा, वाद्याचा एकेक भाग स्वतंत्रपणे पाहावा आणि त्या सगळ्यांची साक्ष एकमेकांशी जुळते का, ते तपासावे. एका खुणेवरून निकाल देऊ नये, मग ती खूण कितीही पक्की वाटो.

आता तुमच्या फोटोंकडे वळू. या गिटारच्या दर्शनी भागावर पाच झाकणपट्ट्या असतात. बेकलाइटचे अंग आतून पोकळ ठेवलेले असते आणि त्या पोकळ्या या पट्ट्यांनी झाकलेल्या असतात. १९३५ मध्ये हे मॉडेल बाजारात आले तेव्हा या पट्ट्या क्रोमच्या होत्या. १९४० च्या सुमारास त्या पांढऱ्या रंगाच्या झाल्या. तुमच्या फोटोत त्या पांढऱ्या आहेत. शिवाय दोन्ही बाजूंना एकेक अशा दोन नॉब दिसतात, आणि सुरुवातीच्या गिटारींना फक्त आवाजाची एकच नॉब असे. टोनची, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारी, नॉब नंतर आली. म्हणजे दोन स्वतंत्र खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात, म्हणूनच मी १९३५ विषयी शंका घेतली.

तरीही एक शक्यता उरते आणि ती तपासल्याशिवाय निकाल देणे बरोबर नाही. मूळच्या क्रोमच्या पट्ट्यांचा मुलामा उडाल्यावर कोणीतरी त्या पांढऱ्या रंगवून घेतल्या असतील आणि टोनची नॉब हौसेने नंतर बसवली असेल. तसे असेल तर गिटार खरोखर १९३५ ची, पण बरीच बदललेली, ठरेल. हे ओळखणे अवघड नाही. पट्टीची कड आणि स्क्रूच्या डोक्याखालची जागा भिंगातून पाहावी. पांढऱ्या रंगाचा टवका उडालेल्या ठिकाणी खाली चकाकणारा क्रोम दिसला, किंवा स्क्रूच्या खाचेत पांढरा रंग जाऊन बसलेला आढळला, तर रंग नंतर दिलेला आहे. टोनच्या नॉबचे भोक आतून पाहावे. बेकलाइट ठिसूळ असते. घरगुती ड्रिलने नंतर पाडलेल्या भोकाच्या कडेला हमखास बारीक टवके उडालेले असतात, कारखान्यातल्या भोकाची कड साफ असते.

यापुढचा पुरावा मला सर्वांत भरवशाचा वाटतो, आणि त्यासाठी मोजपट्टी पुरते. या गिटारचे पिकअप (तारांच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) म्हणजे तारेची गुंडाळी आणि घोड्याच्या नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक. ते तारांवरून कमान करून जातात आणि तारा त्यांच्या आतून जातात. जॉर्ज बोशाम्प आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी लॉस एंजेलिसमध्ये १९३१-३२ मध्ये ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखली जाणारी अ‍ॅल्युमिनियमची गिटार बनवली तीच मुळी या पिकअपभोवती. युद्धापूर्वीच्या चुंबकांची रुंदी दीड इंच, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर असे. युद्धानंतर ती सव्वा इंच, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर झाली. १९४२ नंतर युद्धामुळे अमेरिकेतली वाद्यनिर्मिती जवळजवळ थांबलेली होती, त्यामुळे मधल्या काळाचा गोंधळ फारसा उरत नाही. पांढऱ्या मूळ पट्ट्या आणि ३८ मिलिमीटरचे चुंबक असतील तर गिटार १९४० ते १९४२ या अरुंद पट्ट्यात येते. ३२ मिलिमीटरचे असतील तर ती युद्धोत्तर आहे. सहा मिलिमीटरचा हा फरक नजरेला चटकन जाणवत नाही, म्हणून अंदाजावर न जाता मोजावे, आणि माप चुंबकाच्या पट्टीच्या रुंदीचे घ्यावे, कमानीच्या उंचीचे नव्हे. मागे एका गृहस्थांनी कमानीची उंची मोजून मला फोनवर कळवली होती आणि आम्ही दोघे अर्धा तास भलत्याच गिटारची चर्चा करत बसलो होतो.

हे चुंबक मात्र कोणत्याही कारणाने सोडवू नयेत. जुन्या पोलादी चुंबकांची जोडी वेगळी केली की त्यांचे बळ उतरते आणि आवाज क्षीण होतो. ‘आत काय आहे ते उघडून दाखवतो’ असे विकणाऱ्याने म्हटले तर पट्ट्या उघडू द्याव्यात, चुंबक नाही.

नावाच्या पट्टीविषयी तुम्ही काळजी व्यक्त केली आहे, कारण तिच्यावरच्या इंग्रजी नावात ‘के’च्या जागी ‘एच’ आहे. ती काळजी सोडून द्यावी. अ‍ॅडॉल्फ यांचे मूळ आडनाव जर्मन वळणाने तसेच लिहिले जाई आणि जुन्या वाद्यांवर दोन्ही स्पेलिंगे आढळतात. उलट आजची सराईत नक्कल करणारा माणूस ‘बरोबर’ स्पेलिंग लिहिण्याची शक्यता जास्त. पेटंटच्या शिक्क्याचेही असेच आहे. बोशाम्प यांना या वाद्याचे पेटंट १० ऑगस्ट १९३७ रोजी मिळाले, त्याचा क्रमांक २०८९१७१. पेटंट क्रमांक छापलेला भाग त्या तारखेच्या आधीचा असू शकत नाही, ही गोष्ट पक्की. पण ‘पेटंट प्रलंबित’ असा शिक्का असलेला भाग १९३७ नंतरच्या गिटारवर बसलाच नसेल असे म्हणता येत नाही, कारण कारखान्यात शिल्लक असलेला माल कोणी फेकून देत नाही. अनुक्रमांकावरून साल काढण्याच्या फंदात या गिटारच्या बाबतीत पडू नये.

आता प्रत्यक्ष भेट. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान जावे आणि गिटार व्हरांड्यात, उन्हाच्या थेट झोतात नव्हे पण भरपूर उजेडात पाहू द्या म्हणावे. सोबत मोजपट्टी किंवा कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटा आरसा, मल्टिमीटर, नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आणि स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा चपटा स्क्रूड्रायव्हर न्यावा. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक समजू नये. सैल बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने ऐंशी वर्षांच्या स्क्रूची खाच एकदा का कुरतडली गेली की पुढच्या प्रत्येक पाहणाऱ्याला ‘हे उघडलेले आहे’ असा संशय येणार आणि त्याचे कारण तुम्ही असाल. आणि मालकाची स्पष्ट परवानगी घेतल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नये.

प्रथम काही न उघडता अंग पाहावे. स्टील गिटारची झीज साध्या गिटारसारखी नसते, हे पुष्कळ खरेदीदारांच्या लक्षात येत नाही. येथे तारा बोटाने दाबल्या जात नाहीत, वरून पोलादी बार सरकवला जातो. त्यामुळे पडद्यांवर खाचा पडण्याचा प्रश्न नसतो आणि ‘पडदे अजिबात झिजलेले नाहीत, म्हणजे वाजलेलीच नाही’ हा युक्तिवाद पोकळ आहे. खरी झीज दुसरीकडे दिसते. उजव्या हाताच्या धातूच्या नख्यांचे बारीक ओरखडे पिकअपच्या आसपास दिसतात. मनगटाच्या घामाने घोडीजवळच्या (तारा अंगावर टेकतात तेथल्या) पट्टीवरचा रंग मंद झालेला असतो. नटच्या, म्हणजे डोक्याकडे तारा टेकतात त्या पट्टीच्या, बाजूला बार आपटल्याचे एखाददुसरे टवके असतात. आणि पाठीवर, मांडीवर ठेवून वाजवल्यामुळे, दोन ठिकाणी चकाकी उतरलेली असते. वाजवलेल्या गिटारवर या चारही खुणा साधारण सारख्या प्रमाणात हव्यात. पुढून नव्यासारखी आणि पाठीमागे खरबरीत, किंवा अंग घासलेले आणि पट्ट्या कोऱ्या, असे दिसले तर कोणता तरी भाग नंतर आला आहे.

बेकलाइटविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या गिटारचे अंग आणि मान दोन्ही त्याचेच आहेत आणि मान बोल्टने जोडलेली आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्राइंग पॅन स्टेजवरच्या दिव्यांनी तापली की स्वर ढळत असे. बेकलाइट तापमानाला तेवढे हलत नाही, म्हणून ते निवडले गेले. हे साच्यात एकदा कडक झाले की पुन्हा वितळत नाही. अंगठ्याने जोरात चोळून गरम केल्यावर त्याला दवाखान्यातल्या कार्बोलिक साबणासारखा एक विशिष्ट वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिला तर ऐकू नका. दुसऱ्याच्या वस्तूला डाग पाडून मिळवलेल्या ज्ञानाचा उपयोग नाही. प्रकाशाने बेकलाइटचा काळा रंग विटून किंचित तपकिरी होतो आणि चकाकी जाते. म्हणून झाकणपट्टी उचलली की तिच्याखालची जागा आजूबाजूपेक्षा काळी आणि तुकतुकीत दिसायला हवी, आणि त्या काळ्या भागाची कड पट्टीच्या कडेशी तंतोतंत जुळायला हवी. ही सावली नव्याने रंगवून तयार करता येत नाही. जेथे सावली पट्टीपेक्षा लहान, मोठी किंवा तिरकी आढळते तेथे पट्टी बदललेली आहे, एवढे निःशंक म्हणता येते.

मानेच्या जोडाजवळ आणि बोल्टच्या भोकांभोवती तडे पाहावेत. तेथे बेकलाइट फुटते आणि आपल्याकडे ते बहुधा आराल्डाइटने चिकटवलेले असते. दिवसाउजेडी काळ्यात काळे मिसळून जाते, पण अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा धरला की चिकटवलेली रेघ आसपासच्या पृष्ठभागापेक्षा वेगळी उजळते. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे असा दिवा आपल्या शहरात कोणत्याही दुकानदाराकडे उसना मिळायला हरकत नसावी. चिकटवलेला तडा म्हणजे गिटार टाकाऊ असे मी म्हणत नाही. तो लपवला होता की सांगितला होता, हे मात्र व्यवहार ठरवताना लक्षात ठेवावे.

स्क्रूंकडे वळतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत खालच्या पट्टीचे दोन स्क्रू स्टारचे आहेत आणि बाकीचे चपट्या खाचेचे. स्टार स्क्रूचे पेटंट अमेरिकेत १९३६ मध्ये मिळाले आणि वाद्यांच्या कारखान्यांत तो रुळायला आणखी बरीच वर्षे गेली. फेंडरसारख्या कंपनीतही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चपट्या खाचेचेच स्क्रू वापरत. म्हणजे हे दोन स्क्रू नंतरचे आहेत, यात शंका नाही. पण दोन स्क्रू हरवणे हा गुन्हा नव्हे. त्यांचे महत्त्व एवढेच की ती पट्टी कधीतरी उघडली गेली होती आणि उघडणाऱ्याने ती बंद करताना हाताला लागेल तो स्क्रू लावला. तेव्हा आत काय केले असेल, हे पाहायचे ते याच पट्टीखाली.

पट्टी उघडल्यावर पहिले काम म्हणजे काहीही न पुसता फोटो काढणे. आतला मळ हा तुमचा साक्षीदार आहे. मूळ जोडणीत कापडी आवरणाची तार असते; रंगीत प्लास्टिकच्या आवरणाची तार दिसली तर ती पुढची दुरुस्ती. कपॅसिटर मेण लावलेल्या कागदी नळीसारखा असावा. चकतीसारखा सिरॅमिकचा किंवा रंगीत चौकोनी फिल्मचा असेल तर बदललेला आहे. सर्वांत बोलका असतो तो डाख (सोल्डर). मूळ डाख मंद राखाडी झालेला असतो, त्यावर धुळीचा एकसारखा थर असतो आणि तार टोकाला व्यवस्थित गुंडाळून मग डाख दिलेला असतो. नंतर काम झाले असेल तर जुन्या डाखावर नवा, जास्त चकाकणारा गोळा बसलेला असतो, भोवती फ्लक्सचा तपकिरी चिकट ओघळ असतो आणि टोकाच्या भोकात आधीच्या तारेचा तुटका तुकडा अडकून राहिलेला असतो. तो तुकडा भिंगातून शोधाच. दुरुस्ती करणारा डाख नवा देतो, पट्टी पुसतो, नॉब बदलतो, पण भोकातला तो मिलिमीटरभर तुकडा काढण्याची तसदी घेत नाही. मी स्वतःही घेत नसे.

पॉट, म्हणजे नॉबखालचा आवाज कमीजास्त करणारा भाग, कित्येकदा स्वतःची तारीख सांगतो. युद्धोत्तर अमेरिकन पॉटवर बहुधा एक अंकमाला ठोकलेली असते. तिचे पहिले तीन अंक कारखान्याचे असतात : १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे अंक साल आणि आठवडा सांगतात. १३७६६३२ असे असेल तर १९६६ चा बत्तिसावा आठवडा. जुन्या पॉटवर सालासाठी एकच अंक असतो. ३०४६३२ म्हणजे १९४६ किंवा १९५६ चा बत्तिसावा आठवडा, यांपैकी कोणता ते बाकीच्या गिटारवरून ठरवावे लागते. ही तारीख पॉटची असते, गिटारची नव्हे. गिटार त्या तारखेच्या आधी तयार झालेली असू शकत नाही एवढाच तिचा अर्थ, कारण कारखाने पॉट घाऊक घेऊन ठेवत आणि वर्षानुवर्षे वापरत. आणि पॉट बदललेला असेल तर तेवढाही अर्थ उरत नाही; म्हणून अंक वाचण्याआधी डाख वाचावा.

येथे माझी एक चूक सांगणे भाग आहे. धंद्यात नवा असताना इगतपुरीच्या एका रेल्वे क्वार्टरमधून माझ्याकडे एक अमेरिकन लॅप स्टील (मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटार) दुरुस्तीला आली. पॉट खरखरत होते, कपॅसिटरचे मेण गळाले होते, पट्ट्यांवर कळंक चढला होता. मी मोठ्या उत्साहाने दोन्ही पॉट आणि कपॅसिटर बदलले, तारा नव्या ओढल्या, पट्ट्यांना पितळेच्या पॉलिशने इतके घासले की एका पट्टीवरचे ठोकलेले अंक पुसट झाले, आणि काढलेले भाग भंगाराच्या डब्यात टाकले. मालक खूश झाले. सात-आठ वर्षांनी त्यांच्या मुलाने ती विकायला काढली तेव्हा मुंबईहून आलेल्या ग्राहकाने पहिला प्रश्न विचारला तो ‘जुने पॉट कुठे आहेत?’ असा. ते पॉट साफ करण्याच्या फवाऱ्याने सुटले असते. तेव्हापासून माझ्या दुकानात काढलेला प्रत्येक भाग, मग तो जळका असो की तुटका, पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत जातो.

पिकअपची तपासणी मल्टिमीटरने करावी. दोन्ही नॉब पूर्ण उघडून जॅकच्या दोन टोकांत रोध मोजावा. ठराविक आकडा मिळालाच पाहिजे असा आग्रह धरू नये, कारण त्या काळची गुंडाळी हाताने सोडलेली असे आणि आकड्यांत तफावत असते; शिवाय पॉटही मोजणीत येतो. शून्याजवळचा किंवा केवळ पॉटच्या स्वतःच्या रोधाइतका आकडा दिसला तर मात्र गुंडाळी तुटलेली किंवा जोडणी बिघडलेली समजावी. खरा प्रश्न असतो तो गुंडाळी पुन्हा भरलेली आहे का, हा. परदेशी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते त्या काळात पिकअप बंद पडले की ते पंखे-मोटारींची वाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडे जाई, आणि त्यातले काही काम इतके उत्तम होते की मला आजही हेवा वाटतो. नाशिकरोडच्या एका घरातून आलेल्या जपानी लॅप स्टीलचे पिकअप मी उघडले तर आत तांबूस इनॅमलची तार, वर पांढऱ्या सुती दोऱ्याचे वेढे आणि पिकअप उंच करण्यासाठी खाली घडी घालून सरकवलेली ‘गावकरी’ वर्तमानपत्राची पट्टी होती. तिच्यावर सिनेमाच्या जाहिरातीचा अर्धा तुकडा आणि जून १९७१ ही तारीख होती. दुरुस्तीची इतकी स्वच्छ पावती मला पुन्हा कधी मिळाली नाही. ती पट्टी मी होती तशीच परत ठेवली.

आपल्याकडच्या स्टील गिटारींत असे बदल इतके का सापडतात, हेही समजून घ्यावे. येथे ही वाद्ये कपाटात ठेवण्यासाठी आलेली नव्हती. हवाईचे टाऊ मो १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवत आणि शिकवत होते. पुढे हिंदी चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले यांच्यासारख्यांमुळे ‘हवाईयन गिटार’ घराघरांत ऐकू येऊ लागली आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागदारी उभी केली. देवळालीची छावणी, पारशी कुटुंबांचे बंगले, नाशिकरोड आणि इगतपुरीची रेल्वे वसाहत, या वाटांनी आपल्या भागात अशा गिटारी आल्या आणि वाजत राहिल्या. रागसंगीतासाठी कोणी चिकारीची (मधूनमधून छेडण्याची, एकाच स्वराची) तार जोडली, त्यासाठी बाजूला एक जादा खुंटी बसवली. कोणी साध्या स्पॅनिश गिटारचा नट उंचावून तिलाच हवाईयन केले. म्हणून मानेच्या कडेला बुजवलेली भोके, डोक्यावर तारा पिळण्याच्या मूळ चाव्यांच्या शेजारी दुसऱ्या चाव्यांच्या तळपट्टीची पुसट सावली आणि नटखाली घातलेली धातूची पट्टी अवश्य पाहावी. चाव्या बदललेल्या असल्या तरी नवी भोके न पाडता बसवलेल्या असतील तर तो बदल सौम्य मानावा. भोके पाडली असतील तर तो अंगाला झालेला बदल आहे आणि परत फिरवता येत नाही.

पेटीही पाहावी. जुन्या पेटीतल्या मखमलीवर वाद्याचा ठसा बसलेला असतो. नॉबच्या जागी दाब, डोक्याखाली घासलेला भाग, चुंबकांच्या उंचवट्यावर झाकणाच्या अस्तराला पडलेली चीर, हे सगळे याच गिटारशी जुळते का ते पाहावे. पेटीसोबत जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल आणि कोणी ‘लावून दाखवतो’ म्हणाले तर थांबवावे. अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर साधारण ११० ते ११७ व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या जुन्या वायरीमुळे हात लावणाऱ्याला शॉक बसण्याचा धोका वेगळाच. गिटारचा आवाज तपासायला तुमचा स्वतःचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर न्यावा.

भद्रकालीतल्या धातूच्या गिटारविषयी आता लिहितो, पण थोडक्यात, कारण एकाच फोटोवरून फार बोलणे योग्य नाही. नॅशनल या अमेरिकन कंपनीची सुरुवात १९२७ ची, जॉन डोपेरा आणि पुन्हा तेच बोशाम्प यांच्याकडून. तिच्या काही मॉडेलांचे अंग जर्मन सिल्व्हरचे, काहींचे निकेल चढवलेल्या पितळेचे, तर स्वस्त मॉडेलांचे रंगवलेल्या पोलादाचे असे. दुकानदाराने चुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे पितळ, म्हणजे अस्सल’ असे तुम्हाला सांगितले, त्यातल्या पहिल्या अनुमानातून अंग पोलादाचे नाही एवढेच कळते, कारण जर्मन सिल्व्हरलाही चुंबक चिकटत नाही, आणि दुसरे निराधार. आजच्या चिनी नकलाही पितळेच्या असतात. रंग पाहावा : जुने निकेल किंचित पिवळसर, दमट काच दिसावी तसे ढगाळ होते, क्रोम निळसर आणि थंड दिसतो, आणि अनेक नव्या नकलांवर क्रोम असतो. अनुक्रमांक डोक्याच्या कडेवर ठोकलेला आहे का, झाकण उघडल्यावर आतला ध्वनिशंकू पातळ अ‍ॅल्युमिनियमचा आणि वापराने मळलेला आहे का, हे पाहावे. तुमच्या फोटोतली मान गोल आहे. हवाईयन पद्धतीसाठी बनवलेल्या नॅशनलची मान चौकोनी असते, त्यामुळे ती अस्सल निघाली तरी तुम्हाला हवी ती स्टील गिटार ती मुळात नव्हेच. धातूच्या कामाविषयी शंका असेल तर आपल्या तांबट आळीतला एखादा जुना कारागीर सोबत न्यावा. पोचा आतून ठोकून काढलेला असेल तर त्याला हातोडीचे ठसे बोटांनी कळतात. मला भिंग घेऊनही कळत नाहीत.

किमतीविषयी एवढेच म्हणतो की १,८०,००० हा आकडा ‘१९३५’ आणि ‘शंभर टक्के’ या दोन शब्दांवर उभा आहे आणि त्यांतला पहिला शब्द बहुधा पडणार आहे. भागांचे वजन लावताना मी पिकअप आणि चुंबक सर्वांत वर ठेवतो, त्याखाली तडा नसलेले अंग आणि मान, मग पट्ट्या आणि चाव्या, आणि पॉट, कपॅसिटर, नॉब शेवटी. मूळ पिकअप आणि अभंग अंग असलेली, पॉट बदललेली गिटार मी आनंदाने घेईन. सगळे पॉट मूळ पण मान चिकटवलेली गिटार फार विचार करून घेईन. बदललेल्या भागांची यादी मालकांसमोर, त्यांना न दुखावता करावी आणि व्यवहार ठरला तर तीच यादी पावतीवर लिहून घ्यावी, म्हणजे उद्या तुम्हालाही ती विकताना खोटे बोलावे लागणार नाही.

आणि एक विचारायला विसरू नका. तुमच्या तिसऱ्या फोटोत टोनची नॉब आवाजाच्या नॉबपेक्षा वेगळी आहे. एक अष्टकोनी आहे, दुसरी जुन्या रेडिओची वाटते. अशा घरांत बटणांचा डबा, शिवणयंत्राचा खण किंवा बिस्किटांचा पत्र्याचा डबा अजून शिल्लक असतो. हरवलेली नॉब आणि ते दोन चपटे स्क्रू तेथे आहेत का, हे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना विचारावे. सापडले तर तुम्ही स्वतः बसवू नका. चुंबकांची रुंदी, पट्टीखालचे फोटो आणि तो ऐवज घेऊन सोमवारनंतर कधीही या.